असल आणि नक्कल

आमच्या गावात माणसाला म्हातारं व्हायला साठ वर्षं लागतात. कागदाला म्हातारं करायला गुरुजींना एक दुपार पुरायची. सकाळी सेलूहून आणलेला पांढराफेक ड्रॉइंग पेपर चार वाजेपर्यंत असा सुरकुतायचा, की उठून त्याच्या पाया पडावं. वालूर रस्त्यावरची सगळी गावं त्यांना ‘दोनशे वर्षांचे गुरुजी’ म्हणायची. एक पाहुणा तर हे नाव ऐकून त्यांना काय खाता-पिता ते विचारायला आला होता. मी सांगतोय, म्हणजे यातलं निम्मं वजा करा. पुढचं मात्र वजा करू नका.

गुरुजी चित्रकलेचे मास्तर. निवृत्तीनंतर शाळांच्या गॅदरिंगला, गावच्या नाटकांना लागणारे जुने नकाशे, फर्मानं, राजाची पत्रं ते घरीच करून देत. पडवीत परात, परातीत उकळून गार केलेला कोरा चहा. कागद त्यात भिजवायचा, चुरगळायचा, पुन्हा भिजवायचा. काकू कुरकुरायच्या, “या घरात माणसाला एकदा चहा, कागदाला दोनदा.”

“तुमी जुन्या झालाव,” गुरुजी म्हणायचे. “त्याला अजून व्हायचंय.”

मग काथाच्या पाण्याचे डाग, बाजेवर ऊन, आणि शेवटी कडा जाळायच्या. त्या उदबत्तीनंच. “काडीपेटीनं जाळू न्हाई. काडी खाती, उदबत्ती नुस्ती चाखती.” मी मदतीला असायचो; एकदा काडी लावली, तर एका राजाचं अर्धं राज्य गेलं.

“खोटं करावं, खोटं बोलू न्हाई,” हे त्यांचं दुसरं वाक्य, आणि ते बहुधा मला उद्देशून असायचं. म्हणून प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात ते बोरूनं, मोडीत, एक शब्द लिहीत : नक्कल. उद्या कुणी फसू नये. आणि डोळ्यांपुढं आहे तेवढंच काढत. त्यामुळं जगातल्या सगळ्या राजांचं धन आमच्याच गावच्या बारवेजवळ, एका कडुनिंबाखाली पुरलेलं असायचं. तो निंब गुरुजींच्या परसातला.

त्या साली गॅदरिंगमध्ये पोरांचं गुप्तधनाचं नाटक होतं आणि माइक माझ्या हातात होता. दुसरं काय होणार? मी नकाशा उंच धरला आणि म्हणालो, “मंडळी, हा निजामाच्या काळातला नकाशा आहे! याची असल प्रत आपल्या गुरुजींच्या संदुकीत आहे!” टाळ्या अशा पडल्या की मंडपाचे खांब हलले. मोबाइलवर फोटो निघाले. पहिल्या रांगेत एकटे गुरुजी हात मांडीवर ठेवून बसले होते.

आठ दिवसांनी मारुतीजवळच्या निंबाखाली कमरेएवढा खड्डा निघाला. काठावर शेंदूर लावलेली लिंबं, टाचण्या टोचलेली. पुढच्या आठवड्यात दुसरा, शाळेमागच्या निंबाखाली. तिसरा थेट बारवेजवळ. पायरीचा एक दगड जागेवरून सरकला.

“कागद बघून खांदायलेत,” गुरुजी म्हणाले आणि तडक हॉटेलात गेले. मी मागं. भरल्या हॉटेलात त्यांनी एकाच्या मोबाइलमधला फोटो सगळ्यांपुढं धरला. “आरं, खाली वाचा की! काय लिव्हलंय?”

तहसीलसमोर अर्ज लिहून देणारा एक म्हातारा तिथं चहाला बसला होता. त्याला मोडी येत होती. चष्मा पुसून त्यानं वाचलं, “नक्कल.”

“झालं?” गुरुजी म्हणाले.

“झालं कसं?” म्हातारा म्हणाला. “सातबाऱ्याची नक्कल मिळती, ती कशावरून? असल असल्याबिगर नक्कल निघतच न्हाई.”

सगळे गुरुजींकडं बघू लागले. तेव्हा मी उठून ‘अरे, मी थापा मारल्या’ म्हणायला हवं होतं. मी चहा फुंकत बसलो.

चौथा खड्डा गुरुजींच्या परसाच्या भिंतीला लागून निघाला, पलीकडच्या अंगानं. आणि मग जीप आली. पाच जण, त्यातला लाल रुमालवाला पुढं. तो गुरुजींच्या पाया पडला.

“गुरुजी, असल द्या.”

“न्हाई रे बाबा. म्याच केलाय तो, चहात बुडवून.”

“बरं. उद्या येतो.”

रोज चारला येत. ओट्यावर बसत, चहा घेत, आवाज न चढवता तेच मागत. पाचव्या दिवशी रुमालवाला निंबाकडं बघत म्हणाला, “काकू परसात एकट्याच जातात का हो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी परात काढली. कागद मी धरला. या खेपेला निंब नव्हता, बारव नव्हती. जवळच्या धरणात बुडालेलं गाव त्यांनी मनानंच काढलं आणि फुली तळाशी, देवळाच्या मागं मारली. कोपऱ्याशी आल्यावर बोरू बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी लिहिलं : असल.

“आज बोललो बघा खोटं,” ते म्हणाले. “तुमी रोज कसं बोलता?”

रुमालवाल्यानं कागदाचा वास घेतला, उन्हात धरला. “पाणी हटलं की बघू,” म्हणाला आणि पुन्हा पाया पडला.

त्याच आठवड्यात गुरुजी घराला कुलूप लावून काकूंसह एसटीनं लेकीकडं पालमला गेले. परात उपडी करून ठेवली ती कायमची. फोनवर मात्र ते एकच विचारायचे, “पाणी किती हाय?”

“काठोकाठ, गुरुजी! मगरी पोहायल्यात!” मी सांगायचो. पाणी हटून धरणाच्या काठच्या गाळात शेळ्या चरत होत्या, तेव्हाही हेच सांगितलं. आयुष्यातली माझी तेवढीच थाप कुणाच्या तरी झोपेच्या कामी आली. थंडीत गुरुजी गेले. जाताना, काकू सांगतात, धरण भरलेलं होतं.

या वैशाखात बुडीत गावच्या देवळाचं शिखर वर आलं, मग दरवाजा. तीन दिवसांपूर्वी जीप हॉटेलापुढं थांबली, मागं पहारी.

“काका, बुडीत गावाला वाट कोणची?”

मी उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. चहा, काथ, उदबत्ती, बोरू, माइक, माझं तोंड. एक अक्षर वाढवलं नाही. रुमालवाल्यानं शांतपणे ऐकलं. मग हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“लय गोष्टी सांगता, काका. गॅदरिंगलाबी ऐकलो होतो. सापडलं न्हाई तर येतो. निवांत बसून बोलू.”

तेव्हापासून मी रोज चारला हॉटेलाच्या बाकावर, धरणाच्या रस्त्याकडं तोंड करून बसतो. कुणी पाण्याचं विचारलं, तर सांगतो, काठोकाठ आहे.