जयवंताचा नारळ

आमच्या पार्ल्याच्या चाळीत टोकाच्या खोलीत गुणाजी तावडे राहायचे. आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यावर कामाला. पहाटे जायचे, दुपारी येऊन स्वतःपुरता भात टाकायचे. बायको लढाईच्या दिवसांत गावीच वारली. नवरा जिवंत आहे की नाही, तेसुद्धा बिचारीला कळलं नव्हतं. पुन्हा लग्न केलं नाही त्यांनी. अंगाला शेणाचा वास येतो म्हणून कुणाच्या दारात बसायचे नाहीत, बोलायचं ते उभ्याउभ्याच.

लढाईत ते पलटणीत होते. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले. बोटीत कोंबून लांबच्या एका बेटावर विमानतळ बांधायला नेलं. गावचाच जयवंत परब बरोबर होता. त्या बेटावर आपली माणसं उपासाने, तापाने, मार खाऊन शेकड्यांनी मेली. जयवंत तापात उठेना, म्हणून छावणीच्या अधिकाऱ्याने त्याला उन्हात खांबाला बांधलं. पाणी घेऊन गेलेल्या गुणाजींच्या पाठीवर बांबू मोडेपर्यंत मारलं. संध्याकाळी जयवंत गेला.

लढाई संपल्यावर सिंगापूरला कोर्ट बसलं. गुणाजींनी साक्ष दिली आणि अधिकाऱ्याला वीस वर्षांची कैद झाली. एरवी न बोलणारा हा माणूस एवढं मात्र न विचारता सांगायचा. "गोऱ्या जज्जासमोर जयवंताचा नाव घेतलंय, वैनी. त्येंनी लिवन घेतल्यानी."

पुढे पेपरात यायला लागलं की, जपानशी तह झाला, आता टोकियोच्या तुरुंगात ठेवलेल्या अशा कैद्यांच्या शिक्षा कमी करा म्हणतात. ते ऐकून गुणाजी घाबरले नाहीत. उलट वाट बघायला लागले. त्यांच्या गावी रीत अशी, की वाळीत टाकलेल्या माणसाला परत घ्यायचं तर आधी ज्याचं वाईट झालं त्याला देवळात बोलवायचं आणि त्याच्या हातात नारळ द्यायचा. त्याने फोडला तर माणूस मोकळा. नाही फोडला तर पंचांचंही काही चालत नाही. गुणाजींना वाटलं, कोर्ट एवढं मोठं, तिथेही हेच असणार.

पोस्टमन आला की ते जिन्यापाशी जाऊन उभे राहत. शेजारची कुंदा भारी चेष्टेखोर. "काय गुणाजी, आलं का टोकियोचं बोलावणं? येताना मला एक जपानी छत्री आणा हं!"

"तुका छत्री कित्याक? तुझ्या तोंडाक झाकण आणतंय," ते म्हणत. ती हसायची, तेही हसायचे, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचे.

सत्तावन्न साल लागलं तेव्हाची गोष्ट. ह्यांनी सकाळी पेपर वाचून दाखवला. इंग्रजांच्या कोर्टांनी शिक्षा दिलेले उरलेसुरले जपानी कैदीही सुटले होते. गुणाजी दारात उभे होते.

"माका इचारल्याशिवाय कशे सोडले?"

"अहो तावडे, हे सरकारांचं आपापसात ठरतं. तुम्हाला कोण विचारणार?" हे म्हणाले. मनाने वाईट नाहीत, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं.

गुणाजी आपल्या खोलीकडे वळले. त्या दिवशी त्यांच्या चुलीचा धूर दिसला नाही.

शनिवारी मी मारुतीला तेल घालायला निघाले, तर जिन्यापाशी गुणाजी दोन नारळ घेऊन उभे. "वैनी, गाऱ्हाणा घालूचा हा. व्हय म्हणाक कोण तरी व्हया. आमच्याकडे बायका म्हणनत नाय. पण हय माका कोण आसा?" त्यांच्या गावी देवाला गाऱ्हाणं घालताना बरोबरच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून साथ द्यायची असते.

देवळात गर्दी नव्हती. त्यांनी नारळ पुढे ठेवले, हात जोडले. "बा देवा महाराजा, त्येंनी माका बोलवल्यानी नाय. म्हणान मी आपणहून इलंय. माझ्या पाठीवर मारल्यान, ता माझा होता. ता मी सोडलंय, रे महाराजा!"

ते थांबले. पुजारी माझ्याकडे बघत होता. "व्हय महाराजा," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

त्यांनी एक नारळ फोडला. दुसरा उचलला आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं आता फोडतील, मी होकाराला तोंडसुद्धा उघडलं.

"ह्यो जयवंताचो," ते म्हणाले. "फोडूचो तर तेनाच. मी कोण?"

नारळ खांद्यावरच्या पंच्याने पुसून त्यांनी परत नेला. त्यानंतर ते पोस्टमनसाठी जिन्यापाशी आले नाहीत. कुंदानेही चेष्टा सोडली.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. गावाहून पुतण्या आला, ट्रंक आणि भांडी घेऊन गेला. फळीवरचा जुना नारळ कशाला न्यायचा, म्हणून टाकून द्यायला निघाला होता. मी मागून घेतला.

आता तो माझ्या देवांशेजारी असतो. हलवला तर आत पाणी वाजत नाही. सणाला घरात नारळ नसला की ह्यांचा हात तिकडे जातो.

"तो नको," मी म्हणते, आणि वाण्याकडून दुसरा आणवते.