नातवाला हाक

मुरुममध्ये आमच्या शेजारच्या काकू कुणालाही तोंडावर बोलतात. भाजीवाल्याचा काटा जरा हलला की "आधी बोट काढ!" म्हणतात. पण सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. सासरे जाऊन वीस वर्षं झाली, तरी अणदूरच्या खंडोबापुढं त्या नुसतं "येळकोट, येळकोट" म्हणून थांबतात. पुढचं "जय मल्हार" बाकीच्यांनी म्हणायचं.

मुला-सुनेनं पणजोबांचं म्हणून हौसेनं बाळाचं नाव मल्हारच ठरवलं. बारशाच्या सकाळी काकू कुंपणाशी आल्या.

"भावजी, म्या नातवाला हाक कशी मारू?"

"आत्ताच सांगा की त्यांना," मी म्हणालो.

"न्हाय बा. लेकरू त्यांचं. सून म्हणंल, नावातपण सासू आडवी आली."

मला हे पटलं नाही. शंका वेळेवर बोललेली बरी.

बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. मग सून म्हणाली, "आई, आता तुम्ही हाक मारा." काकूंनी नुसता पाळणा हलवला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुनेचा चेहरा उतरला.

"नाव आवडलं नाही का तुम्हाला?"

काकूंनी पाळण्याची दोरी घट्ट धरली. "मल्हार," त्या म्हणाल्या, जरा मोठ्यानंच. बाळानं डोळे उघडून थेट त्यांच्याकडं पाहिलं. काकूंनी चटकन डोक्यावर पदर ओढला, आणि घरातल्या थोरल्या माणसासमोरून सरकावं तशा त्या पाळण्यापुढून मागं सरकल्या.