कुमुदताईंचा बुधवार

प्रा. कुमुदताई निपाने यांचा आणि माझा परिचय एका प्रश्नाने झाला. भंडाऱ्याच्या आमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राचे चर्चासत्र होते. मी नागपूरहून सुवर्णपदक घेऊन नुकताच रुजू झालो होतो आणि ग्रामीण मतदाराच्या वर्तनावर तासभर बोललो होतो. टाळ्या झाल्या. मग तुमसरकडच्या एका महाविद्यालयातून आलेल्या प्राध्यापक बाई मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या.

"सर, भाषण चांगलं झालं. पण तुम्ही सांगितला तो मतदार तुम्हाला कुठं भेटला? मले भेटायचं आहे त्याले."

सभागृह हसले. ताई हसल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच पत्ता हवा होता, आणि माझ्याकडे तो नव्हता.

ताईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथासाठी 'आदराने आणि मोकळेपणाने लिहा' असे संपादकांनी मला सांगितले. आदराचा प्रश्नच नाही. मोकळेपणाने लिहायचे तर हे लिहावे लागेल की मला ताईंचा हेवा वाटतो. वाटत असे, असे नव्हे; वाटतो. या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर आणि साधेपणावर इतर मंडळी लिहितीलच. हेवा करणाऱ्याचे लक्ष मात्र इतरांपेक्षा बारीक असते, म्हणून माझाही लेख असावा.

निवृत्तीनंतर ताई भंडाऱ्यात माहेरच्या घरी राहायला आल्या. वडिलांचे हातमाग विकले गेल्यावर एक लांबट खोली रिकामी पडली होती. तिथे त्यांनी सतरंज्या घातल्या आणि दर बुधवारी संध्याकाळी राजकारणावर चर्चा सुरू केली. एक जाणकार अर्धा तास बोलणार, मग प्रश्नोत्तरे. एका बुधवारी दिल्लीचा अर्थसंकल्प, दुसऱ्या बुधवारी जवळच्या शहापूरच्या महामार्गावरचे अपघात आणि त्याला जबाबदार कोण. नागपूरहून वकील येत, निवृत्त अधिकारी येत. ज्या नामांकित विश्लेषकाने आमच्या महाविद्यालयाचे निमंत्रण दोनदा नाकारले होते, तो ताईंच्या सतरंजीवर मांडी घालून बसलेला मी स्वतः पाहिला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

बैठकीचा एक नियम आहे. विरोधी पक्षावर बोलायचे असेल, तर आधी आपण ज्याला मत देतो त्या पक्षाबद्दल एक खरी तक्रार सांगायची. एका पक्षाचे तालुक्यातले एक कार्यकर्ते एकदा मोठ्या आवेशात उभे राहिले. ताईंनी नियमाची आठवण करून दिली. ते बराच वेळ विचार करत राहिले, "नाही सुचून राहिलं" म्हणाले आणि खाली बसले. पुढच्या बुधवारी ते आले ते तक्रार घेऊनच, आणि ती इतकी नेमकी होती की त्यांच्याच पक्षाची दोन माणसे उठून गेली. ताई म्हणाल्या, "आता बोला भाऊ, आता तुमचं ऐकावं लागते." असा नियम मला का सुचला नाही, याचा विचार मी अजूनही करतो.

गोसीखुर्दच्या पुनर्वसनावरची बैठकही अशीच. धरणावर काम केलेले निवृत्त अभियंता आणि पुनर्वसन झालेल्या गावाची माणसे एकाच सतरंजीवर बसली होती. आवाज चढले. ताईंनी कुणालाही गप्प केले नाही. "एकाचं पूर्ण होऊ द्या, मग दुसऱ्याचं," एवढेच त्या म्हणत राहिल्या. शेवटी अभियंता साहेबांनीच त्या गावाच्या नळयोजनेचा अर्ज कुणाकडे अडकला असेल ते सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः गावकऱ्यांबरोबर कचेरीत गेले. मी आयुष्यभर लोकशाही शिकवली. माझ्या वर्गातून कुणी उठून कुणाबरोबर कचेरीत गेल्याचे मला आठवत नाही.

मीही रविवारी सकाळी एक व्याख्यानमाला सुरू करून पाहिली. खुर्च्या होत्या, माईक होता, चहा होता. ताई दर रविवारी पहिल्या रांगेत येऊन बसत. हळूहळू खुर्च्या रिकाम्या होत गेल्या आणि माला बंद पडली. ताईंना मनापासून वाईट वाटले. "गावात दोन जागा पाहिजे होत्या सर, बोलायले," असे त्या म्हणाल्या. त्यांना थोडा जरी आनंद झाला असता, तर माझे दुःख निम्मे झाले असते.

पण खरी जळजळ घरात होती. माझी पत्नी रजनी माझ्या एकाही व्याख्यानाला आली नाही. "घरी ऐकतेच न मी," असे ती म्हणे. बुधवारी मात्र पाच वाजल्यापासून तिची लगबग सुरू होई.

आता मुख्य प्रसंग सांगतो. गेल्या विधानसभेच्या मतदानाआधीच्या बुधवारी ताईंनी आम्हा तिघांचे बोलणे ठेवले होते: एक वकील, मी आणि स्वतः ताई. आपल्या मतदारसंघात कोण येईल, असा प्रश्न होता. वकीलसाहेब सावध बोलले. ताईंनी एक नाव घेतले, पण "मले असं वाटते" असे म्हणून. मी त्याच उमेदवाराचे नाव घेतले आणि वर म्हणालो, "ही निवडणूक झालेलीच आहे, फक्त मोजणी बाकी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइलवर ते टिपले.

तो उमेदवार पडला. माझे ते वाक्य बँडच्या संगीतासह गावभर फिरले. भाजीवालाही मला "साहेब, मोजणी झाली का?" असे विचारू लागला. मी घराबाहेर पडणे बंद केले.

मंगळवारी दुपारी ताई रिक्षाने आमच्याकडे आल्या. गुडघ्यांचा त्रास असूनही जिना चढल्या.

"उद्या येजा सर."

"मी येणार नाही, ताई. लोक हसतील."

"हसू द्या न. हसायले तरी येतील."

"तुमचं काय जातं? तुमची चित्रफीत कुणी फिरवली नाही."

हे वाक्य मी बोलायला नको होते, पण ते खरे होते. ताईंनी पदराने घाम पुसला. मग म्हणाल्या, "चूक तर माझीही तेवढीच आहे. आपण दोघं चुकलो आणि एकटी मी बोलली, तर लोकाईले वाटन का जाणकार माणूस चुकला तर घरी बसते. मग कायले यावं कोणी उद्यापासून?"

दुसऱ्या दिवशी गेलो.

खोली भरून लोक दारात उभे होते. माझा चेहरा पाहायलाच बरेच जण आले असावेत. ताईंनी नमस्कार केला आणि सरळ सुरुवात केली. "मागच्या वेळी मी चुकली. काहून चुकली ते सांगते. या निवडणुकीत मी गुडघ्यांचं निमित्त करून कुठंच फिरली नाही. गावाबाहेरच्या कारध्याच्या पुलापलीकडंसुद्धा गेली नाही. इथं बसून फोनवर चार लोकाईले विचारलं, ते चारही माझ्यासारखेच."

मागून कुणीतरी ओरडले, "सरांचं सांगा!"

"सरांचं सर सांगतील," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याची चूक सांगायची इथं पद्धत नाही."

मी उभा राहिलो. सभा किती मोठ्या होत होत्या यावरून मी अंदाज बांधला होता, हे सांगितले. सभेला आलेला माणूस मतही देईल असे मी गृहीत धरले होते. कुणी हसले नाही, आणि ते मला अधिक अवघड गेले.

तेव्हा ताईंनी बायकांच्या बाजूला पाहिले. "रजनीताई, तुम्ही घरात हे सगळं ऐकत होत्या. तुमच्या मताचं काय झालं?"

रजनी उठली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच बोलत होती. "मी ह्यांच्याच माणसाला मत देणार होती," ती म्हणाली. "पण हे रोज सांगत, तो तर आलाच, तो तर आलाच. मग मले वाटलं, येऊनच राहिला तो, तर आपलं एक मत दुसऱ्याले देऊन पाहू. बिचारा एवढा फिरला उन्हातान्हात."

मग दारातून एक आवाज आला, "मीबी तसंच केलं." पाठोपाठ आणखी एक हात वर झाला, मग आणखी दोन. खोली हसण्याने दणाणली. ताईही डोळे पुसत हसत होत्या, आणि मीही. मग ताईंनी विचारले, "म्हणजे जाणकार मोठ्यानं बोलला तर मत हलते?" त्या प्रश्नावर लोक दोन तास बोलत राहिले. तशी चर्चा मी कुठल्याही विद्यापीठात ऐकलेली नाही. ज्या फजितीमुळे मी तोंड लपवत होतो, तीच त्यांनी सगळ्या गावाच्या विचाराचा विषय केली.

घरी जाताना मी रजनीला विचारले, "हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलं?" ती म्हणाली.

ताईंनी विचारले होते. मी आजवर त्यांची बुद्धी, त्यांची खोली, त्यांचे पाहुणे यांचा हेवा करत आलो. त्या संध्याकाळपासून मला त्या एका प्रश्नाचा हेवा वाटतो.

यंदा ताईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातूनच त्यांनी निरोप पाठवला की बुधवार सरांनी चालवावा. मी चालवतो आहे, आणि मला आवडते, हे लपवत नाही. ताई आता काठी घेऊन येतात, भिंतीला टेकून बसतात आणि काही बोलत नाहीत. मात्र मी एखादे ठाम विधान केले, की समोरचे लोक माझ्याकडे न बघता ताईंकडे बघतात. त्यांना ते पटले की नाही, ते पाहायला. ते मला फार लागते. मीही बघतो.

ताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. गुडघे इतके बरे होवोत की पुढच्या निवडणुकीत त्या पुलापलीकडची सगळी गावे पायी फिरतील. माझ्या बोलण्यावर त्यांनी एकदा तरी, शंका न घेता, मान डोलवावी एवढी माझी इच्छा आहे. तेवढे होईपर्यंत त्यांना कुठेही जाता येणार नाही. आणि ते लवकर होईल अशी चिन्हे मला तरी दिसत नाहीत.