बोचकं आणि बाबांचं ‘येतो’

रंगभूषेच्या खोलीत आरशाभोवती दिवे होते, त्यातला एक फुरफुरत होता, आणि त्याच्याखाली बसून बोचकं धुमसत होती.

बोचकं हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. ते ठेवलं बापाने. बाप लिफ्ट बसवणारा फिटर. कंपनी धाडेल त्या देशात जायचं, उंच इमारतीच्या पोटात लिफ्ट बसवायची आणि ती सुरळीत वर-खाली करू लागली की पुढच्या देशाची वाट धरायची. सोबत बायको, दोन बॅगा आणि कडेवर ही. विमानतळावर कुणी विचारलं, सामान किती, की तो म्हणायचा, “दोन बॅगा आणि हे एक बोचकं.” पोरगी मोठी झाली, बोचकं काही सुटलं नाही. रंगमंचावर तिने तेच नाव घेतलं. निवेदकांना ते उच्चारता येत नसे. कुणी बोशका म्हणायचं, कुणी बुचका. ती माइक हातात घेऊन म्हणायची, “नाव चुकलं तरी चालेल, पण घेताना शिंकल्यासारखं करू नका.” पहिला हशा तिथेच यायचा.

माइकसमोर एकट्याने उभं राहून माणसं हसवायची, हा कलेतला सर्वांत उघडा धंदा. नेपथ्य नाही, पाठीशी पेटीवाला नाही, वाक्य विसरलं तर विंगेतून पुरवणारा नाही. पडलात तर सगळ्यांदेखत पडता आणि उठताही सगळ्यांदेखत. तिला हा धंदा शाळेने शिकवला. दर नव्या देशात नवा वर्ग, आणि दर वर्गात बाई तिला फळ्यापाशी उभं करून म्हणायच्या, “सांग हं, तू कुठली?” पोरं आधीच तोंड दाबून हसत असायची. तिला लवकर उमगलं की ही हसणारच आहेत, तर निदान आपल्या तालावर हसू देत. पुढे तिने त्याचाच विनोद केला. “मला तुमची भाषा येत नाही, हे वाक्य मी अनेक भाषांत इतकं सुंदर बोलते की कुणाचा विश्वासच बसत नाही.”

पण तिच्या हसवण्याच्या तळाशी निखारा होता, तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका देशात तिला शाळेच्या नाटकात पहिलंवहिलं काम मिळालं होतं. कसलं काम, ते तिने मोठेपणी कुणाला सांगितलं नाही. नाटकाच्या आदल्या दिवशी बाप भरदुपारी घरी आला, आईला म्हणाला, “आवर,” आणि संध्याकाळी बॅगा दारात होत्या. पोरीने रडून आकांत केला. आई एवढंच म्हणाली, “बाबांची भाषा चुकली गं. नोकरी गेली.”

भाषा कशी चुकली, ते आईने विमानात सांगितलं. आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बाबांनी तेच त्यांच्या भाषेत शब्दाला शब्द ठेवून मुकादमाला सांगितलं, मी येतो, आणि घरी निघून आले. मुकादम वाट बघत बसला, चिडला, आणि त्याने कामावरून काढलं.

एका शब्दापायी नाटक बुडालं. हा राग तिने पोटाशी धरून वाढवला.

तिने दिवस काढले ते असे. तळघरातल्या हॉटेलात ती बोलायची, तिथलं कॉफीचं यंत्र नेमकं विनोदाच्या शेवटच्या शब्दावर फिस्स करायचं. कंपन्यांच्या जेवणावळीत लोक तिच्याकडे पाठ करून जेवायचे. एकदा एका सभागृहात समोर बसलेले सगळे भूल देणारे डॉक्टर निघाले. त्यांनी तिलाच झोपवलं, असं ती सांगायची. शेवटच्या शब्दाआधी श्वास किती रोखायचा, हे ती असं ठेचा खात शिकली. आणि एके दिवशी, काहीच जमेना तेव्हा, पोटातला तो राग तिने बाहेर काढला. बापासारखी खांदे पाडून उभी राहिली, जाड, अडखळत्या आवाजात म्हणाली, “मी येतो,” आणि चालू लागली. मग मुकादम होऊन दाराकडे बघत बसली. सभागृह फुटलं. लोक टेबलं बडवत होते.

तो तुकडा फोनाफोनांवरून फिरला. रस्त्यात अनोळखी माणसं तिच्याकडे बघून “मी येतो” ओरडू लागली, त्याच जाड आवाजात. पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मग एका दुकानात पुढे उभ्या परदेशी म्हाताऱ्याला हिशेब कळेना, तेव्हा मागच्या टोळक्याने तोच आवाज काढला. ती सामान तसंच टाकून बाहेर पडली. पण विनोद टाकला नाही. पोट त्याच्यावर होतं, नाव त्याच्यावर होतं.

बापाला यातलं काही माहीत नाही, असं ती धरून चालली होती. आई गेल्यापासून तो तिच्याच दोन खोल्यांत राहायचा, बिघडलेली कुलपं उघडून बसायचा. काम काय करतेस, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “प्रवासाच्या गमती सांगते.”

आज चित्रीकरण होतं. मोठा कार्यक्रम, घराघरांत दिसणारा. भरदुपारची वेळ, फुकट तिकिटांवर आणलेले प्रेक्षक. कार्यक्रमाचा निर्माता खोलीत डोकावला. त्याचा आवाज इतका मऊ की शिवीसुद्धा मलमासारखी लागावी.

“तो बाबांचा आवाज काढशील ना, तो जरा आणखी जाड काढ. तालमीत मला प्रत्येक शब्द कळला.”

“कळला ते वाईट झालं?”

“कळायला हवं कशाला? गंमत वाटली की झालं.” तो हसला. “तुझ्यासाठी एक गंमत मीही केलीय. पहिल्या रांगेत बघ.”

तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत, मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बाप बसला होता. आणि एक अख्खा कॅमेरा फक्त त्याच्यावर रोखलेला.

“ते इथे कसे?”

“गाडी पाठवली. तू त्यांची नक्कल करशील आणि आम्ही त्यांचा चेहरा दाखवू. विचार कर.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती हळू बोलली, कारण ती खरी चिडली की तिचा आवाज उतरायचा.

“तो कॅमेरा काढा.”

“प्रेक्षकांचं चित्रण करारातच आहे.”

“ते प्रेक्षक नाहीत. माझे वडील आहेत.”

“आज प्रेक्षक आहेत.”

“मग मी तो विनोद गाळते.”

“तुला बोलावलंय त्याच विनोदासाठी,” तो मऊपणे म्हणाला. “तो नाही, तर तू नाहीस. मग पुन्हा कॉफीच्या यंत्राशेजारी.”

तो गेला. इतकी वर्षं ज्या दारावर धडका मारल्या ते दार उघडं होतं, आणि उंबऱ्यावर बापाला आडवा घातलेला. ती उठली आणि थेट प्रेक्षागृहात उतरली.

“बाबा, उठा. घरी जाऊ.”

“का? अजून सुरू कुठे झालंय?”

“मी जे बोलणार आहे ते तुम्ही ऐकण्यासारखं नाही.”

“ऐकलंय ते,” बाप म्हणाला. “न्हाव्याने दाखवलं, फोनवर. अर्धी दाढी झाली होती, उठायची सोय नाही.”

ती खाली बसली. शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती, तिच्यावरच.

“मग मला बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? दुकानभर माणसं हसत होती. मीही हसलो. वस्तरा गळ्यावर होता.”

“राग नाही आला?”

“आला की. अजून आहे. चूक सांगतेस तू.”

“काय चूक?”

“त्यात मी येडा आहे.”

बाप कॅमेऱ्याकडे न बघता, समोरच्या रिकाम्या मंचाकडे बघत बोलू लागला.

“मला त्यांची भाषा येत होती गं. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वरच्याला ‘सोडू नको’ म्हणायचं असतं. ते चुकलो असतो तर आज हा शर्ट कुणाच्या अंगावर असता? त्या दिवशी ब्रेक धरत नव्हता. मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, पाहुणे आलेत, फीत बांधलीय, तू फक्त लिफ्ट चालू कर. नाही म्हटलं असतं तर त्याने दुसऱ्या कुणाला बटणाशी उभं केलं असतं. म्हणून म्हटलं, मी येतो. यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, वाटेत सरकारी तपासनिसाला फोन केला आणि घरी आलो.”

“म्हणजे मुद्दाम?”

“मुद्दाम म्हणजे काय, ठरवून. पाहुणे कात्री धरून उभे. मुकादम सांगतोय, येतो म्हणालाय, आलाच. मला मागाहून एका सोबत्याने कळवलं. तो विनोद माझा आहे, बोचक्या. तू मलाच त्यातून बाहेर काढलंस.”

“पण आई तर म्हणाली, भाषा चुकली म्हणून...”

“तुला काय सांगणार? तू म्हणजे भोंगा. सकाळी घरात पुटपुटलेलं दुपारी शाळाभर. विमानातून उतरेपर्यंत वाच्यता नको होती. मग ते तसंच राहिलं.”

तिचा राग क्षणभर चुकलेल्या पाहुण्यासारखा दारात घुटमळला. आयुष्यभर ज्याच्यावर तो धरला तो माणूस त्याचा धनीच नव्हता. मग तिला शाळेचं ते बुडालेलं नाटक आठवलं आणि राग पुन्हा घरात शिरला.

“आणि माझं नाटक?”

घंटा झाली.

ती मंचावर गेली. नावावरचा विनोद केला, शाळेचा केला, हशे नेहमीच्या जागी आले. मग सगळं सभागृह ज्याची वाट बघत होतं ते आलं. तिने खांदे पाडले नाहीत. आवाज जाड केला नाही. स्वतःच्या आवाजात म्हणाली, “माझे बाबा मुकादमाला म्हणाले, मी येतो.”

लोक सवयीने फुटले. कुणीतरी मागून तोच जाड आवाज काढला.

ती थांबली. हशा ओसरेपर्यंत थांबली, मग त्याच्याही पुढे थांबली. इतकी की खुर्च्या कुरकुरल्या.

“इथे नाही,” ती म्हणाली. “इतके दिवस तुम्ही चुकीच्या जागी हसताय. माझीच चूक, मीच शिकवलं.” आणि तिने सांगितलं. ब्रेक, मुकादम, कुलूप. ती मुकादम झाली, घामेजलेला, पाहुण्यांना वाकून सांगणारा, “येतो म्हणालाय, आलाच.” ती पाहुणा झाली, हसू सांभाळत अवघडलेला. “आणि त्या सगळ्यांना वाटत होतं, त्या बिचाऱ्या फिटरला भाषा येत नाही.”

काही जण हसले, उशिरा आणि वेगळ्या घशाने. काही जणांना आपल्याला बोललं गेलंय की काय ते कळेना. त्या शांततेत पहिल्या रांगेतून आपल्या भाषेत आवाज आला, “कात्री राहिली.”

“काय?”

“कात्री. पाहुण्याच्या हातात कात्री होती. ती सांग.”

तिने ते प्रेक्षकांना त्यांच्या भाषेत ऐकवलं. “बाबा म्हणतात, कात्री राहिली.” मग तिने हातात कात्री धरली, नसलेली, फितीसमोर उघडी. हात हळूहळू थरथरू लागला. मुकादमाने तो कोपरापाशी धरून ठेवला. तेव्हा मात्र सभागृह खरंच हसलं. बाप हसला नाही. तो काम नीट झालंय का ते बघत होता.

निर्माता मंचावर आला, चेहऱ्यावर तेच मलम. “छान. आता एकदा नेहमीचं करून घेऊ. जाड आवाजात. मग यातलं हवं ते ठेवू.”

तिने माइक दांडीवर नीट बसवला. दांडी हलणार नाही ना ते बघितलं.

“मी येते,” ती त्याच्या भाषेत म्हणाली.

“लवकर ये. दिवे तसेच ठेवतो.”

ती खाली उतरली, बापाला हाताने उठवलं आणि दोघं बाजूच्या दाराने बाहेर पडली. मागे निर्माता कॅमेरावाल्यांना सांगत होता, “थांबा, येते म्हणालीय.”

तो कार्यक्रम दिसला तेव्हा ती त्यात कुठेच नव्हती. पुन्हा तळघर आलं, कॉफीचं यंत्र आलं. ‘येतो’चा विनोद ती अजून करते, कात्रीसकट. आवाज तेवढा काढत नाही, आणि कुणी मागून काढला तर त्याची अशी खरडपट्टी काढते की त्याचे सोबती त्याच्यापासून सरकून बसतात.

पण त्या दुपारी रस्त्याला लागल्यावर ती बापाला हिशेब मागायची थांबली नव्हती.

“तुमची माणसं वाचली, कबूल. माझं नाटक मात्र बुडालंच.”

“त्यात तू झाड होतीस ना गं?”

“हो. झाड.”

“मग बाकीच्यांचं काय अडलं? एक झाड कमी.”

“एकच झाड होतं, बाबा,” ती ओरडली, इतक्या जोरात की पुढे चालणारा माणूस मागे वळला. “नाटकाचं नाव जंगल होतं.”

बाप चालता चालता थांबला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, “हे बाकी वाईट झालं.”

आणि ती, रागाने लाल झालेली, भर रस्त्यात हसू दाबत उभी राहिली.