सही मात्र भाईदास सरांची

सुलक्षणा बोरसे सामन्याआधी तीन कामं न चुकता करायची. पोरींच्या बुटांच्या नाड्या तपासायच्या, बॉल दोन्ही तळव्यांत दाबून हवा बघायची, आणि स्कोअरशीट आली की पेनाचं टोपण काढून पेन भाईदास सरांच्या हातात द्यायचं. "सर, सही." बारा वर्षं हेच चाललं होतं.

भाईदास सर अमळनेरच्या त्या कॉलेजात खेळ विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता हो, उगाच कशाला खोटं बोला! स्पर्धेची पत्रं, प्राचार्यांची परवानगी, एसटीचं आरक्षण, सगळं सर बघायचे. पण व्हॉलीबॉलचा आणि त्यांचा संबंध मैदानाकडेच्या निंबाच्या झाडापर्यंतच. सामना सुरू झाला की सर त्या सावलीत चहा घेत बसायचे आणि संपला की "जिंकलो का गं?" असं विचारायचे.

मैदानावर सुलक्षणा. सकाळी सहाला पाणी मारणार ती, चुन्याची फक्की टाकून रेषा आखणार ती, कुणाच्या घरी "पोरगी चड्डी घालून खेळणार का?" असा सवाल उठला की चार खेडी फिरून बापाची समजूत काढणार तीच. ती स्वतः धरणगावची. कापसाच्या जिनिंगच्या आवारात बांधलेल्या जाळीवर मुलांमध्ये एकटी खेळून मोठी झालेली, त्यामुळे असल्या बापांना काय सांगायचं ते तिला पाठ होतं. तिची नेमणूक तासिका तत्त्वावरची, म्हणजे दर वर्षी नव्याने. त्यामुळे कागदावर प्रशिक्षक सर. आणि मोठ्या माणसाच्या हातात आपण होऊन पेन देण्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. चूक म्हणाल तर हीच.

त्या वर्षी धुळ्याच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. महिला संघांसाठी प्रशिक्षक हवी होती. नवरा प्रेमराज पेपर फडकवतच घरात शिरला, "घे, तुझंच नाव लिहायचं राहिलंय फक्त!" सुलक्षणाने जाहिरात खालपर्यंत वाचली आणि शेवटच्या ओळीवर तिचा चेहरा पडला. संघाची प्रशिक्षक म्हणून काम केल्याचा लेखी पुरावा हवा होता. तिने बारा वर्षांची फाइल उपसली. करंडकांचे फोटो होते, त्यात ती कडेला बॉलची जाळी धरून उभी. कागद होते, पण प्रत्येकावर सही भाईदास सरांची. तिचं नाव औषधालासुद्धा नाही.

ती सरांकडे दाखला मागायला गेली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"देतो गं. पण बारा वर्षं प्रशिक्षक तू होतीस असं मी लिहिलं, तर मी काय करत होतो असं लोक विचारतील ना? पुढच्या वर्षी निवृत्त होतोय मी. 'सहकार्य केले' असं लिहू का?"

सहकार्य! सुलक्षणाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती फक्त "बघते सर" म्हणाली आणि मैदानावर येऊन एकटीनेच भिंतीवर शंभर सर्व्हिस मारल्या. अर्जाची मुदत मंगळवारपर्यंत होती.

त्याआधीच्या शनिवारी धुळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना होता. धुळं जवळ आलं तशा गाडीतल्या पोरी गाणी म्हणायच्या थांबल्या आणि नखं कुरतडायला लागल्या. मैदानावर स्कोअरशीट आली. सुलक्षणाचा हात सवयीने पेनाकडे गेला. सरांनी सही केली.

पंच तरुण होता, नियमावर बोट ठेवणारा. म्हणाला, "प्रशिक्षक हेच ना? मग बाकावर हेच बसतील. मॅडम, तुम्ही दोरीबाहेर. बाहेरून सूचना केल्यात तर कार्ड दाखवावं लागेल."

सर गडबडले. सुलक्षणा दोरीबाहेर जाऊन खुर्चीवर बसली.

आता सेट सुरू होण्याआधी सहा खेळाडूंचे नंबर कागदावर लिहून द्यायचे असतात, आणि कागद दिला की त्याच क्रमाने उभं राहावं लागतं. सरांनी बराच विचार केला आणि एक, दोन, तीन, चार, पाच, सहा असं सुबक अक्षरात लिहून दिलं. झालं! कप्तान दीपमाला, जिच्या हातून प्रत्येक बॉल उचलला जायचा, तिचा नंबर सात. ती बाकावर. मैदानावर पोरी एकमेकींवर आदळत होत्या. सुलक्षणाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. पहिला सेट पंचवीस-अकराने गेला.

सर घाम पुसत दोरीपाशी आले. इतकी वर्षं कॉलेजात शुद्ध बोलणारा माणूस, पण घाबरल्यावर घरची बोली आली तोंडात.

"सुलक्षणा, ती सात नंबरनी पोर कोनती शे वं? रडी ऱ्हायनी ती."

तिला खूप बोलता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी बाहेरची आहे सर. बाहेरच्यांनी बोलायचं नाही, पंचांनी सांगितलंय."

सरांनी मागे वळून बाकाकडे पाहिलं. सगळ्या पोरी त्यांच्याकडे नाही, दोरीपलीकडच्या सुलक्षणाकडे बघत होत्या. मग सर पंचाकडे गेले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, प्रशिक्षक मी नाही. ती आहे. बारा वर्षांपासून तीच आहे. मी सह्या करतो फक्त."

पंचाने दुसऱ्या पंचाला बोलावलं, दोघांची कुजबुज झाली, समोरच्या संघाने हरकत नाही म्हटलं. शेऱ्यात लिहिलं, 'प्रशिक्षक बदल'. सुलक्षणा दोरीखालून आत आली. दीपमालाच्या पाठीत एक धपाटा घातला, "रडतेस काय! केस बांध आधी."

दुसरा सेट अमळनेरने घेतला. तिसरा पंधरा-तेराने गेला, सामना गेला. पोरी गळ्यात पडून रडल्या, सुलक्षणाही रडली. करंडक समोरच्यांनी नेला.

सगळं आवरल्यावर पंचाने हाक मारली. बदलाच्या शेऱ्याखाली नव्या प्रशिक्षकाची सही राहिली होती. सुलक्षणा पेन शोधायला खिसे चाचपू लागली, तोवर भाईदास सरांनी स्वतःच्या पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं होतं.

"सही कर. सोमवारी ऑफिसात ये. दाखला देतो, जसं होतं तसं लिहून."

तिने पेन घेतलं. शाळेतल्या मुलीसारखं तिने एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं, आणि ते त्या चिमुकल्या रकान्यात मावेना, शेजारच्यात घुसलं. पंच काही बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले,

"राहू द्या साहेब. बारा वर्षांची सही आहे, थोडी जास्त जागा लागणारच."