ओव्याच्या वासाची खोली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांची आता झोपमोडही होत नाही. पण ओव्याचा वास नाकात गेला की एकच केस समोर उभी राहते आणि हातातला घास हातातच राहतो. आमच्या घरी भजीतही ओवा घालत नाहीत.

मी तेव्हा ठाणे शहरात पोलीस निरीक्षक होतो. वर्तकनगरच्या एका सोसायटीतल्या बाई भर दुपारी पोलीस ठाण्यात आल्या. पाण्यावरून भांडण असणार, असं धरून अंमलदाराने वही पुढे ओढली.

"पाण्याचं नाही हो," बाई म्हणाल्या. "आमच्या खालच्या घरातनं सारखा ओव्याचा वास येतो. त्यांची आई दिसत नाही. मुलगा बोलतो गावाला गेलेय. मग तिची पातळं रोज दोरीवर कशी वाळतात?"

चौकस शेजाऱ्यांची खबर बहुधा अर्धी पोकळ निघते. तरी डायरीला नोंद घेतली आणि कोकणातल्या त्यांच्या गावी पोलीस पाटलाला फोन लावला. म्हातारी तिकडे फिरकलीच नव्हती.

मुलाला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, अविवाहित, कडक इस्त्रीचा शर्ट. सगळी नोकरी दप्तरखान्यात, जीर्ण कागद जपण्यात गेलेली.

"आई कुठे आहे?"

"सुरक्षित आहे."

"जिवंत आहे का?"

"सुरक्षित आहे, साहेब."

त्याच्या आवाजात भीती नव्हती, मग्रुरीही नव्हती. मी दरडावून पाहिलं. गुन्हेगार दरडावण्याला बिचकतो, पण जो स्वतःला गुन्हेगार मानतच नाही, त्याच्यापुढे आपलाच घसा बसतो. शेवटी चहा मागवला आणि त्याच्या कामाची चौकशी केली. माणूस खुलला. कसर लागू नये म्हणून कागदांना ओव्याच्या फुलाची, म्हणजे ओव्याच्या अर्काच्या खड्यांची, वाफ कशी देतात, फाटलेल्या कडा खळीने कशा सांधतात, सगळं प्रेमाने सांगू लागला.

"कागद सगळ्यात जास्त कशाने खराब होतो?" मी विचारलं.

"उजेडाने. आणि माणसांच्या हातांनी. वडिलांचा एकच फोटो होता. मीच खिडकीसमोर लावला. उन्हाने चेहरा पांढरा पडला. ते कसे दिसायचे, आता मला आठवत नाही. आईचं मी तसं होऊ दिलं नाही."

चहा तसाच टाकून मी गाडी काढायला सांगितली.

दोन पंच आणि एक महिला हवालदार घेऊन घराची झडती घेतली. तळमजल्याचं घर, मागे वाढवलेली खोली आणि तिच्या दारापुढे लोखंडी कपाट. कपाट सरकवून दार उघडलं, तसा ओव्याचा भपकारा आला. खिडकीला काळा कागद, फटींना चिकटपट्ट्या. टॉर्च मारला. पलंगावर एक वृद्ध बाई ताठ बसलेली होती. स्वच्छ पांढरं पातळ, नीट विंचरलेले केस, कातडी इतकी फिकट की निळ्या शिरा दिसत होत्या. प्रेत बसवून ठेवलंय, असंच मला वाटलं. तेवढ्यात तिने डोळ्यांवर हात धरला.

"दार लावा," ती कुजबुजली. "उजेड आत आला की रडतो तो."

आमच्यातला एक पंच भर दिवसा रामनाम घेत बाहेर पळाला. मी हसलो नाही.

डॉक्टरांना तिच्या अंगावर साधा ओरखडा सापडला नाही. जेवण, औषधं, सगळं वेळेवर होत होतं. डांबून ठेवल्याची केस आली की आम्ही वैर शोधतो, इस्टेट शोधतो. इथे दोन्ही नव्हतं आणि म्हणूनच मी जास्त हादरलो. पुढे कोणी "आम्ही तिला फार जपतो" म्हणालं, की ती कुठे आहे ते दाखवा, असं मी आधी सांगायचो. मग समोरच्याला राग आला तरी चालेल.

तिचा जबाब मीच रुग्णालयात जाऊन नोंदवला. डोंबिवलीहून बोलावलेली तिची भाची शेजारी बसली होती.

"मुलाविरुद्ध तक्रार आहे का?"

"छे! इतकं कोण करतं हो आईचं?"

मी तसंच लिहून वाचून दाखवलं. तिने सही केली. मग माझी बाही धरली आणि किती तरी वेळ सोडलीच नाही.

"साहेब, पण मला घरी नका हो पाठवू."