सामानाला पास

"पास सामानाला आहे. माणसं परत जातील."

थिवीच्या फलाटावर माझ्या आईसमोर उभं राहून बाई पोलिसाला हे म्हणाल्या. आईकडे न बघता. पोलिसाच्या हातात आईची कोयती होती, बांबू चिरायची. पिशव्या तपासताना त्याला ती सापडली होती, आणि "हत्यार घेऊन कुठं चाललीस म्हातारे?" असं त्यानं सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं. आई नवी साडी नेसून चोरासारखी उभी. तेवढ्यात बाई येताना दिसल्या. मला वाटलं, सुटलो. आपलं माणूस आलं.

कसलं आपलं माणूस.

बाई माझ्या शाळेतल्या, पेडण्याच्या. नोकरी संपल्यावर म्हापशाला राहायला गेल्या आणि हस्तकलेच्या प्रदर्शनांचं काम बघू लागल्या. आम्ही महार. गोव्यात बांबूकाम महारांचं. सुपं-टोपल्या विणायच्या आमच्या वाड्यानं आणि वापरायच्या गावानं. नवी टोपली घरात घेताना तिच्यावर पाणी शिंपडायचं, विणणारीला पायरीखाली उभं करून. देवळाच्या तांदळाची टोपली आईच्या हातची, लग्नातलं सूप तिच्या हातचं. ती स्वतः मात्र कुठल्याच मांडवात नाही. मला याचा लहानपणापासून संताप. आईला नाही. ऊन-पाऊस असतो तसं हे असतं, एवढंच ती म्हणायची.

म्हणून बाई घरी आल्या तेव्हा मलाही भरून आलं. पणजीला परदेशी पाहुण्यांची मोठी बैठक होती. बाई म्हणाल्या, "तुझी आई तिथं सगळ्यांसमोर बसून टोपली विणेल. खुर्चीवर. पुढं तिच्या नावाची पाटी."

"खुर्चेर? हांव?" आईनं विचारलं.

"हो. खुर्चीवरच."

बाई आमच्या ओट्यावर बसल्या. आमच्या घरचा चहा प्यायल्या. आईनं तो कप घासूनपुसून देवापाशी ठेवला. मी हसले तिला. पण मनातून मीही तेच केलं होतं.

आई सगळा जन्म जमिनीवर बसून विणत आलेली. टोपलीचं बूड पायाच्या बोटांनी दाबून धरायचं आणि हातानं पट्ट्या फिरवायच्या. खुर्चीवर पाय काय कामाचे? शेजारून खुर्ची आणली. टोपली मांडीवरून सटकायची, आई कपाळाला हात लावायची, आम्ही दोघी पोट धरून हसायचो. पण शिकली. या वयात, खुर्चीसाठी, हाताला नवं वळण लावून घेतलं तिनं.

त्या दिवशी पॅसेंजर पुढं जाणार नाही, हे पेडण्याला कुणी सांगितलं नाही. पणजीसाठी उतरायचं करमळीला; करमळीचं तिकीट मागितलं, दिलं. थिवीला गाडी थांबली ती थांबलीच. मग भोंग्यावरून सांगितलं, बंदोबस्त आहे, गाडी इथूनच परत जाईल. डब्यात इस्पितळात निघालेले होते, कामावर निघालेले होते. सगळ्यांना गुरं उतरवावीत तसं उतरवलं. बाहेर जायच्या वाटेवर दोरी बांधलेली. पास असेल तो दोरीपलीकडे, बाहेर उभ्या गाडीत. नसेल तो अलीकडे, उन्हात. पाहुणे आमच्या गोव्यात आणि आम्ही आमच्याच गोव्यात बिनपासाचे.

बाईंनी पास दाखवला तशी पोलिसानं कोयती त्यांच्या हातात दिली. चोर आम्ही, कोयती सभ्य. टोपल्या बाईंच्या ड्रायव्हरनं उचलल्या. दोरीपलीकडे गाडीचं दार उघडं होतं आणि आत बाईंची भाची बसलेली. काष्ट्याचं लुगडं नेसलेली, केसांत अबोलीची वेणी. तिनं आईची अर्धी विणलेली टोपली मांडीवर घेतली आणि विचारलं, "मावशी, ही कुठून धरायची?"

"कशीही धर गं. नुसते हात हलवायचेत," बाई म्हणाल्या.

तेव्हा कळलं. वेणी काही थिवीच्या फलाटावर माळली नव्हती. आमचं तिकीट करमळीचं, आणि बाई मोटार घेऊन थिवीला हजर; म्हणजे गाडी इथं अडणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांनी आम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर टोपल्या पेडण्यालाच राहिल्या असत्या. वेशीवरून हाकलणाऱ्यांची मला सवय आहे. घरात येऊन चहा पिणाऱ्यांची नव्हती.

"बाई, आणि आई?" मी विचारलं.

"हट्ट करू नकोस. माणसांचे पास मिळणं सोपं नसतं. काम तर तिचंच दिसणार आहे ना?"

आणि माझी आई. तिनं हात जोडले. "बाय, तुजें काम जांव दी." तुमचं काम होऊ दे, असं बाईंना. मग मला हळूच म्हणाली, "गप राव गो. आमी भायरलीं. आमकां कोण आत घेतलो?"

बाईंच्या बोलण्यानं झालं नव्हतं ते 'आपण बाहेरची, आपल्याला कोण आत घेणार' या बोलण्यानं झालं. मी दोरी वर केली आणि पलीकडे गेले. पोलीस ओरडला. ओरडू दे. भाचीच्या मांडीवरून टोपली उचलली. तिनं मुकाट्यानं सोडली, तिचा काय दोष. मागच्या टोपल्या उतरवल्या. मग बाईंपुढं हात केला.

"कोयती द्या."

"तुला मी शिकवलं," बाई म्हणाल्या. "हेच शिकवलं का?"

"हे तुम्ही आज शिकवलंत. कोयती द्या."

दिली. पोलिसानं मला दंडाला धरून दोरीच्या अलीकडे ढकललं. सगळा फलाट बघत होता. पण टोपल्या अलीकडे होत्या.

परतीच्या गाडीत आई माझ्याशी बोलली नाही. पुढंही बरेच दिवस नाही. मी तिच्या हातची खुर्ची घालवली असं तिला वाटतं. बाईंनी ती कधीच दुसरीला दिली होती, हे ती मानत नाही.

आता आमच्या घरची टोपली एकटी कुठं जात नाही. देवळात हवी, आई देवळात येईल. लग्नात हवी, आई मांडवात बसेल. पाणी शिंपडायचं असेल तर टोपली मिळणार नाही, हे मी वाड्यावर आलेल्यांना तोंडावर सांगते. बरेचजण यायचे बंद झालेत. प्लॅस्टिकच्या टपात तांदूळ ठेवा म्हणावं देवाला.

आई अजून म्हणते, तू चुकलीस. मी समजूत काढत बसत नाही. ती माझ्यावर रागावलेली मला चालेल. कुणापुढं हात जोडून उभी असलेली चालणार नाही.